गाडी मुकी झाली तेव्हा

टिक्, टिक्. स्वयंपाकघराच्या खिडकीवर चमचा वाजला आणि गॅरेजातली पहाटेची शांतता मोडली.

ही एलोइसा आजींची हाक होती. कॉफी झाली, एवढं सांगायला त्या तोंड उघडत नाहीत, चमचाच वाजवतात. पण ज्यांना हाक मारली ते बेलार्मिनो आजोबा माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते, आणि त्यांना ती ऐकूच गेली नव्हती. मला मात्र गेली. मला सगळं ऐकू येतं. तरी घरातले सगळे माझ्याच नावाने ओरडतात, "हा मेला, याच्यापुढे कुणाचं काही ऐकू येत नाही!"

मित्रांनो, मी एक जुना पंख्याचा क्लच आहे. आजोबांच्या मरून रंगाच्या लांबलचक गाडीत, इंजिन आणि पंखा यांच्यामध्ये मी बसतो. दिसायला मी भाकरीएवढी एक जाड चकती, कडेने पापुद्र्यांसारखी पाती, आणि कपाळावर घड्याळात असते तशी गुंडाळलेली एक स्प्रिंग. माझ्या पोटात काकवीसारखं दाट तेल आहे. हवा गार असते तेव्हा ते तेल एका कप्प्यात गुपचूप बसून राहतं आणि पंखा आळसावल्यासारखा फिरतो. रेडिएटरमधून आलेला गरम वारा माझ्या कपाळाला लागला की स्प्रिंग उकलते, झडप उघडते, आणि तेल मधल्या खाचांत शिरून पंख्याला इंजिनाशी घट्ट बांधून टाकतं. मग पंखा असा काही फिरतो की विचारू नका. घोंऽऽ! तोच माझा आवाज. तोच माझा कामधंदा.

माझा जन्म एकाहत्तर साली झाला. जिथे घडलो त्या कारखान्याबद्दल फारसं आठवत नाही. लहानपणचं कुणाला आठवतं? एवढंच आठवतं, की एका बाईने मला हातात धरून फिरवून पाहिलं, मान डोलावली आणि पुढे सरकवलं. त्या मान डोलावण्यावर मी आजवर जगत आलो आहे.

दोन वर्षांनी गाडी न्यू मेक्सिकोतल्या एस्पान्योलाच्या दरीत आली. बेलार्मिनो तेव्हा बावीस वर्षांचे होते, लाकडाच्या गिरणीत करवतीवर उभे राहायचे. त्यांनी गाडीच्या स्प्रिंगा कापून ती जमिनीला टेकेल इतकी खाली बसवली. आमच्या दरीत गाडी अशीच हवी. खाली बसलेली, चकचकीत, आणि हळू. जोरात काय, कुणीही जातं. रविवारी संध्याकाळी मोठ्या रस्त्याने माणसाच्या चालीने जाणं, काचा खाली, कोपर बाहेर, मागच्याने पुढच्याला ओलांडायचं नाही, ही खरी ऐट. इतक्या हळू जाणाऱ्या गाडीत समोरून वारा येत नाही. मग इंजिनाला गार कोण ठेवणार? मीच की! म्हणून जिथे सगळ्यांच्या गाड्या मांजरीसारख्या सरकायच्या, तिथे आमची घोंघावत यायची.

चौऱ्याहत्तरच्या जूनमध्ये बेलार्मिनो आणि एलोइसा यांचं लग्न झालं. चर्चपासून हॉलपर्यंत चार मैलांची वरात, आणि पुढे आमची गाडी. मागच्या सीटवर शेजारी बसलेल्या नवऱ्याला नवी नवरी म्हणाली, "अहो, हे काय घोंघावतंय?"

"काय?" बेलार्मिनो म्हणाले.

तिने जवळ सरकून, त्यांच्या कानाला ओठ लावून तेच पुन्हा विचारलं. बेलार्मिनो नुसते हसले. मग तिने उत्तर मागितलंही नाही. ती तशीच कानाशी काहीबाही बोलत राहिली, आणि मी चार मैल मन लावून घोंघावलो.

पुढे मात्र माझ्या तक्रारी सुरू झाल्या. "रेडिओ लागत नाही याच्यापुढे." "बाळ झोपत नाही याच्यामुळे." "शेजारीण म्हणते, तुमच्याकडे विमान आहे का?" बेलार्मिनो दर वेळी म्हणायचे, "तो गप्प बसला ना, की गाडी उकळेल." आणि करवतीपुढे अर्धा दिवस उभे राहून त्यांचे कान हळूहळू जात होते, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या तर नाहीच.

मग गिरणी बंद पडली. आजोबांना कामासाठी लांब जावं लागलं आणि गाडीवर चादर पडली. अकरा वर्षं. मित्रांनो, अकरा वर्षं एका जागी बसणं काय असतं, ते माझ्या पोटातल्या तेलाला विचारा. ते थेंब थेंब गळून गेलं. माझ्या अंगावर धूळ, बॉनेटवर वाळत घातलेल्या मिरच्यांच्या माळा, बाजूला बर्फाच्या पेटीचं गुणगुणणं. त्या पेटीचा मला फार हेवा वाटायचा. तिच्या आवाजाबद्दल कुणी ब्र काढत नसे.

मला परत कामाला लावलं ते त्यांच्या धाकट्या लेकीने, बेनिताने. बारा वर्षांची होती. चादर उचलून तिने विचारलं, "अपा, ही चालते?" आमच्याकडे बापाला अपा म्हणतात, आईला अमा, आजोबांना ग्राम्पो. बेलार्मिनो, म्हणजे तिचे अपा, घरी परतले होते आणि त्यांना करायला काही नव्हतं. दोघांनी मला उतरवलं. नवा क्लच आणता आला असता. पण अपांनी माझ्या कपाळावरची स्प्रिंग सोडवली, तिच्याखालची बारीक खीळ काढली, आणि खेळण्यातल्या मोटारींच्या दुकानातून आणलेलं दाट तेल त्या भोकातून मला पाजलं. एक एक थेंब. तापलेल्या मुलाला चमच्याने औषध पाजावं तसं.

"अपा, बास. जास्त होतंय," बेनिता म्हणाली.

"असू दे. उपाशी राहण्यापेक्षा थोडं अजीर्ण बरं."

ते अजीर्ण मला जन्माचं लागलं. तेव्हापासून मी गार असतानाही गुरगुरतो. पण मी त्या दोघांचा ऋणी आहे. दुसऱ्यांदा जन्म देणारे हात सगळ्यांच्या नशिबी नसतात.

त्या दिवशी अपांनी बेनिताला एक गोष्ट शिकवली. इंजिन बंद असताना पंख्याला बोटाने ढकलून बघायचं. तो जड जड फिरून लगेच थांबला तर क्लच जिवंत. भिंगरीसारखा फिरत राहिला तर मेलेला. बेनिता आता एकोणतीस वर्षांची आहे. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, पाच वर्षांच्या पिलारला घेऊन आईबापांजवळ राहते, आणि गाडी सुरू करण्याआधी अजूनही मला एक बोट लावते. मला वाटतं, लेकीच्या कपाळाला हात लावून बघण्याची सवय तिला माझ्यापासूनच लागली असावी.

यंदाच्या जूनमध्ये लग्नाला पन्नास वर्षं झाली. अपांनी एकच मागणं मागितलं. त्याच चर्चपासून त्याच हॉलपर्यंत, त्याच गाडीतून, त्याच चालीने. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उरलीसुरली ऐकायची शक्ती हिवाळ्यापर्यंत राहिली तर राहिली. "एकदा ऐकून घेतो," अपा म्हणाले. काय ऐकून घेतो, ते कुणी विचारलं नाही. सगळ्यांना वाटलं, वाजंत्री.

बेनिताचा मोठा भाऊ देल्फिनो आदल्या दिवशी आल्बुकर्कीहून आला. मनाचा चांगला. पण चांगुलपणाला घाई फार. गॅरेजात आईने त्याला म्हटलं, "पन्नास वर्षं झाली, देल्फिनो. या गाडीत बसून मी तुझ्या अपाशी एक वाक्य नीट बोलू शकले नाही."

झालं! गडी संध्याकाळी जुन्या गाड्यांच्या भंगारातून एक क्लच घेऊन आला. माझ्यासारखाच, पण पुसून चकचकीत केलेला. बेनिता हॉल सजवायला गेली होती. देल्फिनोने मला उतरवलं, त्याला चढवलं, आणि इंजिन सुरू केलं.

"अमा, या इकडे. ऐका! काय ऐकू येतंय?"

"काही नाही."

"तेच तर! काहीच नाही!"

आजींनी त्याचा गालगुच्चा घेतला. मी बाकड्याखालच्या मोडतोडीच्या खोक्यात पडलो होतो. मला ओरडून सांगायचं होतं, की अरे, दोन मिनिटं चालवून काय कळतं? तो शांत नाही, रिकामा आहे, त्याच्या पोटात थेंब नाही. पण मित्रांनो, माझा आवाज पंख्यातून निघतो, आणि पंखा आता त्याच्याकडे होता.

सकाळी चमच्याची टिकटिक झाली ती अशी. आजींनी येऊन बाही ओढली तेव्हा अपा कॉफीला गेले. मी खोक्यात. थोड्या वेळाने नव्या फ्रॉकमधली पिलार आली, हातात फुलांच्या पाकळ्यांची टोपली. तिने मला ओळखलं. "तू इथे काय करतोस? सगळे लग्नाला चाललेत," ती म्हणाली, आणि दोन्ही हातांनी उचलून मला टोपलीत ठेवलं. मी दोन-अडीच किलोंचा. तिची मान एका बाजूला झुकली, पण तिने कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. लग्नघरात लहान मुलाच्या टोपलीत कोण डोकावतं?

चर्चमधली प्रार्थना संपली. गाडी सकाळच्या गारव्यात देल्फिनोनेच तिथे आणून ठेवली होती. अपा आणि अमा मागच्या सीटवर, त्यांच्यामध्ये पिलार, पिलारच्या मांडीवर टोपली, टोपलीत मी. बेनिता स्टिअरिंगवर, शेजारी देल्फिनो. मागे नात्यातल्या सतरा गाड्या. बेनिताने किल्ली फिरवली आणि तिच्या भुवया वर गेल्या.

"हे काय? आवाज कुठे गेला?"

"माझी भेट," देल्फिनो छाती फुगवून म्हणाला. "अमाला पन्नास वर्षांनी शांतता!"

"तू बोटाने फिरवून बघितलास?"

"अगं, चालवूनच बघितला की. आज तरी मेकॅनिक होऊ नको, बेनी."

बेनिताने आरशात बघितलं. आईचा चेहरा फुलला होता. मागे हॉर्न वाजायला लागले होते. उतरून बॉनेट उघडावं, तर पांढरा झगा. तिने गाडी पुढे घेतली. तिच्या त्या क्षणाला मी नावं ठेवणार नाही. आईच्या चेहऱ्यावरचं सुख पुसायला कुठल्या लेकीचा हात धजेल?

ऊन रणरणत होतं. रस्त्याकडेच्या उंच झाडांच्या बियांचा कापूस हवेत उडत होता आणि गाडीच्या तोंडावर चिकटत होता. आजी आपल्या कोपऱ्यात रेलून म्हणाल्या, "बघ म्हाताऱ्या, कशी निवांत चाललीये. आठवतं, याच वळणावर तुझी टोपी उडाली होती?"

अपा समोर बघत राहिले.

"म्हाताऱ्या, टोपी म्हटलं!"

काही नाही. आजींचा आवाज मोठा होत गेला, पण त्या आपल्या कोपऱ्यातच होत्या. इतकी शांत गाडी, तर कानाला लागायला कशाला जायचं? आणि तेवढ्यात अपांनी पुढची सीट दोन्ही हातांनी धरली.

"बेनी, गाडी बंद पडली."

"चालू आहे, अपा!"

"बंद आहे. मला काही ऐकू येत नाहीये."

"मग आपल्याला ओढतंय कोण, प्रवाशांचा संत क्रिस्तोफर?" आजी म्हणाल्या. देल्फिनो हसला. अपा हसले नाहीत. त्यांनी हात खिडकीबाहेर काढून दारावर ठेवला, परत आत घेतला, परत बाहेर ठेवला. त्यांचा चेहरा मी टोपलीतून पाहिला. भर बाजारात हात सुटलेल्या मुलाचा असतो तसा झाला होता.

"काहीच नाही," ते हळूच म्हणाले. "म्हणजे गेलंच म्हणायचं."

तेव्हा कुठे सगळ्यांना कळलं, मित्रांनो. जगातला एकच आवाज अजून अपांच्या कानापर्यंत पोचत होता. तो माझा होता. त्यांना ऐकून घ्यायचं होतं ते हे. आणि तो नाही म्हटल्यावर त्यांना वाटलं, आपले कान आजच गेले. लग्नाच्या दिवशी.

बेनिताने तोंड उघडलं, पण तितक्यात इंजिनाच्या तापाचा काटा लाल रेघेवर चढला आणि बॉनेटच्या कडांतून वाफ फुसफुसली. टायरच्या दुकानासमोर, चढाच्या ऐन मध्यावर गाडी उभी राहिली. मागच्या सतरा गाड्याही थांबल्या. कुणी ओलांडून पुढे गेलं नाही.

"माझ्या गाडीत बसा दोघं. मी सोडतो हॉलवर," एक पुतण्या धावत आला.

"मी उतरणार नाही," अपा म्हणाले. त्यांनी ओठ वाचले होते. "गेलो तर हिच्यातून जाईन. नाहीतर इथूनच घरी."

बेनिताने बॉनेट उघडलं. वाफ ओसरल्यावर रुमाल गुंडाळून पंख्याला एक बोट लावलं. पंखा फिरला, फिरतच राहिला. भिंगरी.

"देल्फिनो," ती म्हणाली, "हा मेलेला आहे."

"मला वाटलं, शांत आहे म्हणजे चांगला आहे." देल्फिनोचा आवाज चिरकला. "बेनी, जुना घरी खोक्यात आहे. मी जातो, आणतो. तासभर लागेल."

"तो घरी नाहीये," पिलार म्हणाली.

खाली उतरून तिने टोपली उपडी केली. पाकळ्यांबरोबर मी डांबरावर ठण्णकन पडलो. सगळे वाकून बघायला लागले. मग आजी म्हणाल्या, "देवा! मी याला पन्नास वर्षं शिव्या दिल्या," आणि त्यांनी मला पदरासारख्या खांद्यावरून सोडलेल्या शालीच्या टोकाने पुसलं. मित्रांनो, त्या मला पहिल्यांदाच पुसत होत्या.

मग रस्त्यातच लग्नघर उभं राहिलं. इंजिन गार होईपर्यंत हात लावायचा नाही, असं बेनिताने बजावलं. तिसऱ्या गाडीतल्या वाजंत्र्यांनी फिडल आणि गिटार काढली. कुणी बडीशेपेची बिस्किटं फिरवली, कुणी दोघांवर छत्री धरली. टायरवाला पाण्याचे डबे घेऊन आला आणि म्हणाला, "माझ्याही लग्नाला या, तुमच्या लग्नाला मी आलोच आहे." बेनिताने झगा गुडघ्यापर्यंत खोचला. पुढचे चार नट, मागचे चार बोल्ट, आणि देल्फिनो पाने हातात देत होता, विचारायच्या आधीच. भंगारातला तो क्लच उतरवून तिने कडेला ठेवला. त्याचा मला राग नव्हता. त्यालाही कुणीतरी वेळेवर तेल पाजायला हवं होतं.

पाणी भरलं. किल्ली फिरली. आणि तापलेल्या रेडिएटरचा वारा माझ्या कपाळाला लागला.

घोंऽऽऽऽ!

असा मी आयुष्यात घोंघावलो नव्हतो. पाकळ्या उडाल्या, कापूस उडाला, टायरवाल्याची टोपी उडाली. अपांनी मान वर केली. मग त्यांचे डोळे भरून आले, आणि ते मोठ्याने म्हणाले, "अरे, आहे! आहे अजून!" सतरा गाड्यांचे हॉर्न एकदम वाजले. ते अर्थात त्यांना ऐकू आले नाहीत.

राहिलेले दोन मैल आम्ही माणसाच्या चालीने गेलो. पिलार पुढे देल्फिनोच्या मांडीवर गेली होती, म्हणून मागे मधली जागा रिकामी होती. आजींना काहीतरी सांगायचं होतं. त्यांनी एकदा माझ्या दिशेने त्रासिक नजर टाकली. मग सरकल्या आणि अपांच्या कानाला ओठ लावले. काय बोलल्या ते मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. घरात काही करकरत असेल, घोंघावत असेल, खोकत असेल, तर त्याला गप्प करण्याआधी एक बोट लावून बघा. ते काय काम करतंय, हे विचारा. आणि जे अगदी गप्प झालं आहे, त्याला तर जरूर विचारा. मला कुणी विचारलं, तू सुखी आहेस का, तर मी हो म्हणेन. मला तेल पाजणारे हात मिळाले, ओझं उचलणारी पोर मिळाली, शिव्या देणारी आजी मिळाली. शिव्या मिळतात त्यालाच, ज्याच्याकडे लक्ष असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेनिता गाडीच्या तोंडाला चिकटलेला कापूस वेचत होती. पिलार पाटावर उभी राहून मदत करत होती. इंजिन चालू होतं. अपा आले, नेहमीप्रमाणे बॉनेटच्या कडेवर तळवा ठेवून डोळे मिटून उभे राहिले. जरा वेळाने म्हणाले, "आज याचा आवाज थोडा लांबून येतोय." रागाने नाही, दुःखानेही नाही; पाऊस डोंगरापलीकडे गेला असं सांगावं, तसं. आणि आत गेले.

बेनिताने इंजिन बंद केलं. मी हळूहळू थांबलो. पिलारने हातातला कापूस खाली टाकला.

"आई," ती म्हणाली, "ग्राम्पोंना हा पण ऐकू यायचा बंद झाला, की मग त्यांच्या आत काय वाजेल?"